आठ दिवस येऊ नका

पिशोरची एसटी स्टँडमधून बाहेर पडायच्या आतच अजिनाथचे तीन फोन झाले होते. तिसरा सिल्लोडहून आशाबाईचा. तिच्या नवऱ्याला, बद्रीनाथला, परवा संध्याकाळी अजिनाथ काम करायचा त्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं होतं.

"ताई, घाबरू नका," अजिनाथ म्हणाला. "ठीक आहेत ते. आत्ताच पाहून आलो. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. फक्त आठ दिवस येऊ नका."

"नक्की ना, भाऊ?"

"नक्की."

फोन खिशात ठेवला आणि त्यानं खिडकीची काच सरकवली. आज त्याची सुट्टी होती. सकाळपासून तो केंद्राकडे फिरकलाही नव्हता. बद्रीनाथनं चहा घेतला की नाही, बिस्किटं खाल्ली की भिंतीवर फेकली, यातलं काहीही त्याला ठाऊक नव्हतं. पण जिभेला वळण पडलं होतं. फोन कानाला लागला की वाक्य आपोआप बाहेर यायचं.

हे वाक्य त्याला आप्पासाहेबांनी शिकवलं होतं.

आप्पासाहेब म्हणजे ज्यांनी करमाडच्या अलीकडे, जालना रस्त्याला लागून, वीस खाटांचं व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते डॉक्टर. बारा वर्षांपूर्वी अजिनाथला त्याच्या भावांनी हातपाय बांधून, जीपमध्ये टाकून तिथं आणलं होतं. तेव्हा तो मेंढरं राखायचा आणि पहाटे डोळे उघडल्यापासून प्यायचा. त्याची आई फाटकाशी बसून राहिली होती. आप्पासाहेबांनी तिला हात जोडून परत पाठवलं. "माय, पोरगं ठीक आहे. आठ दिवस येऊ नका."

पुढं अजिनाथ सुधारला आणि तिथंच कामाला राहिला. तेव्हा आप्पासाहेबांनी त्याला समजावून सांगितलं होतं. दारू तुटली की माणूस पहिले चार-पाच दिवस थरथरतो, ओरडतो, नाही त्या गोष्टी पाहतो. आईनं ते ऐकलं की ती विरघळते आणि पोराला घरी घेऊन जाते. घरी गेलं की पहिला घोट. म्हणून आठ दिवस दार बंद.

पण दाराच्या आत काय चालायचं, तेही अजिनाथनं पाहिलं होतं. आलेल्या माणसाला आधी पिवळं इंजेक्शन. अन्न नंतर, सलाईन नंतर, पिवळं इंजेक्शन आधी. मग रोज सकाळी आप्पासाहेब खाटेखाटेपाशी जायचे, "हात पुढं कर" म्हणायचे आणि पसरलेल्या बोटांवर वर्तमानपत्राचं पान ठेवायचे. पान किती थरथरतं ते पाहायचे. कुणाचं पान फडफडलं, तर त्या दिवशी ते घरी जेवायला जायचे नाहीत. त्यामुळं "ठीक आहे" हे खोटं नव्हतं. ठीक ठेवायला तिथं माणूस होता.

तीन वर्षांपूर्वी आप्पासाहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशात. चालवणार कोण? मुंबईची एक कंपनी आली. तिचे मालक डॉक्टर नव्हते, पैसे लावणारे लोक होते. अशी पंधरा-वीस केंद्रं विकत घ्यायची, पाच वर्षं चालवायची, भरलेल्या खाटा दाखवायच्या आणि सगळी मोळी आणखी मोठ्या कंपनीला विकायची, असा त्यांचा हिशेब. आप्पासाहेबांना त्यांनी शब्द दिला की तुमची पद्धत मोडणार नाही. केंद्राच्या दर्शनी भागात त्यांचा मोठा फोटो लावला, त्याला हार घातला. जिवंत माणसाच्या फोटोला हार पाहून अजिनाथला कसंसंच झालं होतं.

विसाच्या अठ्ठेचाळीस खाटा झाल्या. माणसं मात्र कमी केली. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागले, बाकीचे दिवस मोबाइलच्या पडद्यावर. औषधांची यादी मुंबईहून ठरून यायला लागली आणि त्या यादीत साध्या, कमी पैशांच्या खाटेसाठी पिवळं इंजेक्शन नव्हतं. वर्तमानपत्राचं पान कुणी धरेना.

आप्पासाहेबांची एकच पद्धत कंपनीनं जशीच्या तशी ठेवली. आठ दिवसांची. ती त्यांच्या फार सोयीची होती.

आणि त्या कामावर अजिनाथला नेमलं. त्याला खुर्ची दिली, गळ्यात फोटोचं कार्ड दिलं, मोबाइल दिला. कार्डावर लिहिलं होतं, 'कुटुंब संपर्क अधिकारी'. पिशोरच्या माळावर मेंढरांमागं फिरलेला, गटाराच्या कडेला पडलेला माणूस अधिकारी झाला. पहिल्या दिवशी त्यानं ते कार्ड घरी नेलं आणि आरशासमोर उभं राहून गळ्यात घालून पाहिलं. ती गोष्ट आठवली की आता त्याचे कान तापायचे.

चार महिन्यांपूर्वी पिशोरचा सोनाजी आला होता. अजिनाथच्याच भावकीतला, अडतीस वर्षांचा. त्याची आई सुगंधाबाई स्वतः घेऊन आली होती. "अजिनाथ हाये म्हणून इथं आणलं," असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं.

आजही तिच्याच बोलावण्यावरून तो निघाला होता. सुगंधाबाईनं नवस बोलला होता. पोराची दारू सुटली तर खंडोबाला कंदुरी, म्हणजे बकरं कापून भावकीला जेवण, आणि ज्यानं सोडवली त्याला फेटा आणि पहिलं ताट. दारू सुटली होती. दोनदा निरोप आला, दोनदा त्यानं काम आहे म्हणून टाळलं. तिसऱ्यांदा म्हातारीनं स्वतः फोन केला. "तू आल्याबिगर बकरं कापीत नाय," म्हणाली. मग इलाज उरला नाही.

---

वस्तीवर मांडव घातला होता. चाळीसेक माणसं पंगतीच्या तयारीनं बसली होती. रस्शाचा वास माळभर पसरला होता.

सोनाजी बाजेवर बसला होता. अंगानं भरला होता, दाढी केलेली, स्वच्छ पांढरा सदरा. अजिनाथला पाहून हसला.

"या या. कधी आलात?"

"आत्ताच."

"म्या काल सिल्लोडच्या बाजारात गेलतो. दोन मेंढ्या इकल्या. लई भाव भेटला."

शेजारी बसलेला चुलता हळूच म्हणाला, "कुठला बाजार आन् कुठल्या मेंढ्या! दवाखान्यातून आल्यापासून वस्ती सोडली नाय त्यानं. असंच बोलत ऱ्हातो. पण दारूचं नाव काढत नाय, ह्ये खरं."

"पिण्याचंच इसरलाय गडी," दुसरा कुणी म्हणाला आणि माणसं हसली. सोनाजीही हसला.

पुन्हा अजिनाथकडं वळला. "या या. कधी आलात?"

अजिनाथनं मान खाली घातली. हा सोनाजी साठ मेंढ्या तोंडावरून ओळखायचा. अंधारात नुसत्या खोकल्यावरून सांगायचा, ही अमकी, ही तमकी. वस्तीची समजूत अशी की दारूनंच डोकं खाल्लं, देवानं निदान जीव तरी ठेवला. अजिनाथला मात्र घाटीतल्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या, एका तरुण डॉक्टरीणबाईंचं बोलणं पाठ झालं होतं. रोज पिणाऱ्याच्या अंगात एक जीवनसत्त्व उरलेलंच नसतं, असं तिनं व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सुईनं भरून दिलं असतं, तर बहुतेक डोक्याला काही झालं नसतं. तो म्हणाला होता, आता? ती म्हणाली, आता थोडं भरून येईल. सगळं नाही.

पहिल्याच दिवशी. शनिवारी सोनाजी आला, शुक्रवारचे डॉक्टर येऊन गेलेले. पडद्यावरच्या डॉक्टरांनी चार मिनिटं पाहून गोळ्या सांगितल्या. रविवारी त्या गोळ्या त्यानं ओकून टाकल्या. सोमवारी सकाळी तो खाटेच्या दांड्यावर हात आपटून मेंढरं हाकायला लागला. "हुर्रर, हुर्रर." डोळ्यांची बुबुळं हलत होती. परिचारिका सुकेशनी अजिनाथकडे आली. "दादा, मला हे बरं दिसत नाही. मोठ्या दवाखान्यात हलवू या." अजिनाथ व्यवस्थापकाकडे, अभयकडे गेला. अभय काही राक्षस नव्हता. थकलेला, तिशीतला पोरगा. म्हणाला, "उद्या मंगळवार आहे ना, दादा? डॉक्टर येतीलच. बाहेर पेशंट पाठवला की वरून मला दहा प्रश्न. मी तरी काय करू?" आणि अजिनाथ "बरं" म्हणून परत आला. नुसतं "बरं". त्यानं ना टेबलावर हात आपटला ना रिक्षा बोलावली.

आणि त्याच सोमवारी दुपारी सुगंधाबाईचा फोन आला होता. समोर सोनाजी हुर्रर करत होता. अजिनाथ उठून बाहेर गेला, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं, आणि बोलला. मंगळवारी संध्याकाळी घाटीत हलवलं तेव्हा सोनाजी आईला ओळखत नव्हता.

---

"अजिनाथ, चल, पाटावर बस," सुगंधाबाई आली. तिच्या हातात ताट, ताटात हळदीकुंकू आणि घडी केलेला गुलाबी फेटा. "पंगत खोळंबली हाये तुझ्यासाठी."

"मावशी, मला नको."

"कामून नको? लाजतो का आता? हापिसर झालाय, तरी आमच्यापुढं लाजतो!" बायकांत हशा झाला. "बस गुमान. देवाला बोललेलं हाये. तुझं ताट पडल्याबिगर कुणी घास घेणार नाय."

चुलत्यानं फेट्याची घडी उलगडली. कापडाचं टोक अजिनाथच्या कपाळाला लागलं आणि त्यानं एकदम दोन्ही हातांनी चुलत्याचं मनगट धरलं.

"थांबा. मावशी, हे माझं नाही. सोनाजीचं असं माझ्यामुळं झालं."

"काय बोलतो ह्यो?"

"दारूनं नाही झालं. आमच्या तिथं झालं. पहिल्या दिवशी एक इंजेक्शन द्यायचं असतं, ते दिलं नाही. आप्पासाहेब सगळ्यांना द्यायचे. कंपनीनं बंद केलं. मला माहीत होतं बंद केलंय ते. मी बोललो नाही."

मनाशी अजिनाथनं हे शंभर वेळा बोलून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी म्हातारी रडायची नाहीतर अंगावर धावून यायची. सुगंधाबाईनं तसलं काही केलं नाही. तिनं ताट खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"म्या आयतवारी फोन केलता."

"व्हय."

"तवा तू म्हणला, भाकर खाल्ली."

"खाल्ली नव्हती, मावशी. ओकला होता."

"सोमवारी केला. म्या म्हणलं, माझं मन लागत नाय, दोनच्या गाडीनं येते. भाकऱ्या फडक्यात बांधल्या व्हत्या म्या. पायात चप्पल घातली व्हती."

"व्हय."

"तवा?"

"तेव्हा तो मेंढरं हाकत होता. खाटेवर. त्याला काही समजत नव्हतं."

"आन् तू म्हणला, ठीक हाये, येऊ नको."

"व्हय."

"म्या आले असते तर?"

अजिनाथला वाटलं, इथं काहीतरी मऊ बोलावं. काय सांगावं, कदाचित तेव्हाही उशीर झाला असता, असं. घाटीतल्या बाईंनी तसं म्हटलंही होतं, सोमवारी नेलं असतं तर सांगता येत नाही. पण त्याच मऊ बोलण्यानं हे सगळं झालं होतं.

"तुम्ही आला असता तर त्याला उचलून दवाखान्यात नेलं असतं. आरडाओरडा केला असता. एक दिवस आधी इलाज मिळाला असता. कदाचित बरा झाला असता."

चुलता उठला. "आरं, तुला..." त्यानं अजिनाथची गचांडी धरली. एकदोघं मध्ये पडली. अजिनाथनं हात वर केला नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि तसं वाटतंय याचीही त्याला लाज वाटली.

"सोडा त्याला," सुगंधाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं अजून इचारून झालं नाय." चुलता बाजूला झाला. "अजिनाथ, चार महिने झाले. तू अजून तिथंच हाये?"

"व्हय."

"तेच काम?"

"तेच."

"फोन तूच उचलतो?"

"मीच."

"आता किती माणसं हायती तिथं?"

"पंचेचाळीस."

"त्यातली नवी? आठ दिसांच्या आतली?"

अजिनाथनं मनात मोजलं. "सहा."

"आज त्यांच्या घरून फोन आलते?"

"आले. तीन."

"काय सांगितलं?"

अजिनाथनं खिशातल्या फोनवर हात ठेवला. सुगंधाबाईला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आज तू कवा गेलता केंद्रात?"

"गेलोच नाही. एसटीतूनच बोललो."

एवढा वेळ ती म्हातारी शांत होती. आता तिनं तोंडाला पदर लावला आणि एकदाच, घशातून, असा आवाज काढला की चुलीपाशी बसलेली बाई दचकून उठली. मग पदर खाली घेतला.

"माझ्याकडं काय माफी मागतो? माझं पोरगं तर ह्ये असं झालं. तू रडला म्हणून ते माघारी यायचं नाय. काढ तो फोन. इथं, माझ्यासमोर. त्या तिघांना खरं सांग."

"मावशी, नोकरी..."

शब्द तोंडातून निघाला आणि त्याचा त्यालाच किळस आला. त्यानं फोन काढला.

पहिला आशाबाईला लावला.

"ताई, मी केंद्रातून अजिनाथ बोलतोय. नाही, केंद्रातून नाही, बाहेरून बोलतोय. ऐका. सकाळी मी बद्रीनाथना पाहिलं नव्हतं. चहाचं, बिस्किटाचं, सगळं मी मनानं सांगितलं."

"म्हणजे? तब्येत कशी हाये त्यांची?"

"मला माहीत नाही. म्हणून तर फोन केला. तुम्ही आत्ता निघा. सोबत कुणाला तरी घ्या. फाटकावर अडवतील, आठ दिवसांचा नियम सांगतील, ऐकू नका. नवऱ्याला डोळ्यांनी पाहा. त्यांचे हात पुढं करायला लावा, फार थरथरत असतील, बोलणं भलतंच असेल, तर थेट दवाखान्यात न्या. तिथल्या डॉक्टरांना सांगा, रोज पिणारा माणूस आहे, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन अजून मिळालेलं नाही. एवढंच सांगा, त्यांना कळेल."

"भाऊ, तुम्ही सकाळी नक्की म्हणलात."

"व्हय. म्हणालो."

आशाबाईनं फोन ठेवला.

त्यानं सुकेशनीला फोन लावला. आज तिची पाळी होती. "सहाही नव्या माणसांना आत्ता बघ. बद्रीनाथला आधी. हातावर कागद ठेवून बघ." ती म्हणाली, "अभय सर विचारतील." तो म्हणाला, "माझं नाव सांग." पंधरा मिनिटांनी तिचा फोन आला. बद्रीनाथ थरथरत होता, पण माणसं ओळखत होता, बायकोचं नाव नीट सांगत होता. दुसरा एकजण मात्र झोपेतून उठत नव्हता. तिनं कुणाला न विचारता रुग्णवाहिका बोलावली होती.

"कोण?" अजिनाथनं विचारलं.

"तो चितेगावचा. कालचा. त्याचे वडील आणून सोडून गेले तो."

त्या वडिलांचाच सकाळचा दुसरा फोन होता.

मधल्या वेळात त्यानं सकाळच्या पहिल्या फोनवाल्या घरीही खरं सांगितलं होतं, आणि अभयचे चार फोन येऊन गेले होते. अभयचे अजिनाथनं उचलले नाहीत. पंगत तशीच बसून होती. रस्सा निवत होता. कुणी घासाला हात लावला नव्हता आणि कुणी लावा असंही म्हणत नव्हतं. सोनाजी बाजेवरून उतरून त्याच्याजवळ येऊन बसला होता आणि फोनच्या पडद्यावरचा उजेड कुतूहलानं पाहत होता.

अजिनाथनं चितेगावचा नंबर लावला. नाव सांगितलं. मुलाला रुग्णवाहिकेतून घाटीत नेतायत, लगेच तिकडं या, असं सांगितलं. मग सकाळी आपण काय बोललो होतो आणि ते खोटं होतं, तेही सांगितलं. एकही वाक्य मऊ केलं नाही.

पलीकडच्या म्हाताऱ्यानं अजिनाथला शिव्या दिल्या, त्याच्या खाल्ल्या अन्नाला दिल्या, त्याच्या लेकराबाळांना दिल्या. रडत रडत दिल्या, मध्येच कुणाला तरी गाडी काढायला सांगितली, आणि पुन्हा दिल्या. आवाज एवढा मोठा होता की मांडवातल्या सगळ्यांना तो ऐकू येत होता.

सुगंधाबाई समोर बसून होती. अजिनाथनं फोन कानापासून दूर केला नाही. म्हाताऱ्याला दम लागला, तो थांबला, तेव्हा अजिनाथ म्हणाला, "बाबा, माझं नाव लिहून घ्या. अजिनाथ. पिशोरचा. पोलिसात सांगायला लागेल."

"काय म्हणला?" म्हातारा म्हणाला. "सावकाश सांग. पेन्शिल घेतो."

अजिनाथनं सावकाश सांगितलं. आधी स्वतःचं नाव, मग केंद्राचं, मग औषधांच्या यादीतून काय काय काढून टाकलं होतं ते.